चहा यायच्या आत

नंदाताई, यादी शुक्रवारी द्यायची आहे आणि एक नाव जास्त आहे. एकतीस झालीत. राखता येतात तीस. तू असतीस तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाली असतीस, "दरवर्षीचं रडगाणं आहे हे, पराग. वाच पहिल्यापासून." मी पहिल्यापासून चार वेळा वाचली. तुला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि या अकरा दिवसांत मी दुसरं काही वाचलेलं नाही.

थकलोय ताई. रडून थकलो असतो तर एक वेळ बरं होतं, लोक निदान समजून घेतात. मी थकलोय ते एका कागदाकडे बघून बघून. सकाळी कामावर जायच्या आधी बघतो, जेवणाच्या सुट्टीत बघतो, आणि आज तर रविवार, म्हणजे यादीचाच वार. कागदाच्या तळाशी सह्यांसाठी दोन रेघा आहेत, एक माझी आणि एक इतकी वर्षं तुझी असलेली. आपल्या क्लबाचा अध्यक्ष डेक्लन म्हणाला, "दोन्हीकडे तूच कर की सही, कोण बघतंय!" माणूस वाईट नाही तो. पण दुसऱ्या रेघेवर मला पेन टेकवता आलं नाही. त्याला कारण आहे, आणि ते तुला सांगायलाच आज लिहायला बसलोय. तू समोर होतीस तेव्हा पाच महिने तोंडात मिठाची गुळणी धरली, आणि आता हे. वरातीमागून घोडं.

परवा आईने फोनवर विचारलं, "ही नंदाताई तुझी कोण रे? नात्यातली नाही, ऑफिसातली नाही, आणि तू जेवत नाहीस म्हणे." मी म्हटलं, आम्ही दोघं मिळून माणसं ठेवायचो आणि सोडायचो. ती घाबरलीच. मग तिला सगळं सांगावं लागलं. ऑस्ट्रेलियात एक फुटबॉल खेळतात, लांबट चेंडूचा, हातानेही आणि पायानेही, त्याला सगळे फुटी म्हणतात. तू मेलबर्नला बारा वर्षं काढलीस आणि तिथून हा नाद बरोबर घेऊन डब्लिनला आलीस. आयर्लंडात या खेळाचे सहा हौशी क्लब आहेत, मैदानं गॅलिकवाल्यांकडून, म्हणजे इथल्या देशी फुटबॉलवाल्यांकडून, मागून आणलेली. दरवर्षी हंगामाच्या आधी प्रत्येक क्लबाने तीसच नावं राखायची. बाकीची सोडायची, नाहीतर दुसऱ्या क्लबाशी अदलाबदल करायची. असं केलं नाही तर सगळे डब्लिनातच गोळा होतील आणि कॉर्कवाल्यांना मैदानात उतरवायला बारा जणही मिळणार नाहीत. आईने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे वधूवर सूचक मंडळ." हे तू ऐकायला हवं होतंस. किती हसली असतीस.

मी तुला पहिल्यांदा भेटलो ते डब्लिनमधल्या ब्लँचर्डस्टाउनच्या बसस्टॉपवर. मास्टर्सला येऊन मला तीन आठवडे झाले होते आणि मी फोनवर घरमालकाबद्दल मराठीत मनसोक्त शिव्या देत होतो. फोन ठेवल्यावर मागून आवाज आला, "शिव्या पुण्याच्या वाटतात. उंची बरी आहे. पळता येतं का?" पन्नाशीची बाई, हातात भाजीची पिशवी, गळ्यात औषधाच्या कंपनीचं ओळखपत्र. मला वाटलं बस पकडायला पळायचं म्हणतेस.

तिथे कंपनीत तुझं काम होतं औषधाचा बॅच सोडायचा की अडवायचा ते ठरवायचं. क्लबातही तेच करतेस म्हणून सगळे तुला चिडवायचे. पण तुझी परीक्षा वेगळी असायची. नवीन माणूस आला की तो चेंडू किती लांब मारतो हे तू कधी विचारलं नाहीस. व्हिसा किती दिवसांचा आहे? शनिवारी ड्यूटी असते का? गाडी आहे का, आणि गाडीच्या टपावर रॅक आहे का? कारण गॅलिकच्या मैदानावर प्रत्येक बाजूला दोनच उंच खांब असतात आणि आपल्या खेळाला चार लागतात. ते जादाचे चार प्लास्टिकचे खांब दर सामन्याला कुणीतरी टपावर बांधून आणायचे, रोवायचे, उपटायचे आणि परत न्यायचे. तू मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसून एकच गोष्ट वहीत टिपायचीस. हरल्यावर खांब कोण उचलतो. जिंकल्यावर सगळेच उचलतात, म्हणायचीस.

ते चार खांब आपल्याकडे आले कसे, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझ्या बदल्यात आले.

सहा वर्षांपूर्वीचा मार्च. मी क्लोनडॉकिनला चौघांच्यात एक खोली घेऊन राहत होतो. तू न सांगता आलीस. मी आनंदाने धावपळ करून किटली लावली, कपाटातून, इथल्या भाषेत प्रेसमधून, एकुलता एक धड कप काढला. तू कोटसुद्धा काढला नाहीस. दारात उभी राहून म्हणालीस, "आधी ऐक, मग चहा. तुला यंदा राखत नाहीये. उत्तरेकडच्या क्लबाला देतेय. बदल्यात त्यांचा तो साडेसहा फुटी माणूस येतोय, आणि चार खांब." मी म्हटलं, "खांब?" तू म्हणालीस, "हो. भाव चांगला आला तुला."

किटली खदखदून बंद झाली. मग तू कोट काढलास, बसलीस आणि चहा प्यायलीस. मी रागाने कपातल्या कपात बघत होतो. तेव्हा तू मेलबर्नच्या शेजाऱ्याची गोष्ट सांगितलीस. त्याला त्याच्या क्लबाने सोडलं, आणि सांगायला जो माणूस आला त्याने जेवण केलं, मुलांशी खेळला, अंगणातल्या लिंबाचं कौतुक केलं आणि न सांगताच गेला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला दुकानात कुणीतरी विचारलं, "आता तू कुठे खेळणार?" त्यावरून तू नियम केलास. बातमी चहा यायच्या आत सांगायची. एकदा त्याच्या घरचा चहा पोटात गेला की आपण पाहुणे झालो, आणि पाहुण्याच्या तोंडून वाईट बातमी निघत नाही. "आपल्या लोकांच्या तर नाहीच नाही," म्हणालीस. "भीड भिकेची बहीण, पराग."

मी एक हंगाम उत्तरेकडे खेळलो. दर शनिवारी दोन बस बदलून जायचो आणि तुझ्या नावाने खडे फोडायचो. पुढच्या वर्षी तू मला परत मागून घेतलंस आणि हळूहळू यादीच्या कामात ओढलंस. आपलं भांडण मात्र मिटलं नाही. मी म्हणायचो, तू मला ठेवायला हवं होतंस, मी मन लावून सराव करत होतो. तू म्हणायचीस, "ठेवलं म्हणजे माया केली असं नसतं रे. माझ्याकडे बाकावर बसून सुकला असतास. तिकडे तुला रोज खेळवलं की नाही?" मी म्हणायचो, हे तू नंतर रचलेलं कारण आहे, तुला खांब हवे होते. तू म्हणायचीस, "खांब तर हवेच होते." दरवर्षी हेच. या वर्षीचं राहिलं.

आता ऑक्टोबरचं सांगतो.

गेल्या हंगामात तुझ्या चुका व्हायला लागल्या होत्या. एकच माणूस राखलेल्यांत आणि सोडलेल्यांत, दोन्हीकडे. कॅव्हनहून येणारा तो प्लंबर तर दीड तास गाडी हाकत सरावाला आला, आणि त्याचं नाव यादीत नाही हे त्याला मैदानावर कळलं. तू त्याच्या घरी जायचं विसरली होतीस. तू! तो बूट परत पिशवीत टाकून गेला. तू खुर्चीवर बसल्या बसल्या पांढरी पडलीस. तुझं दुखणं तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. डिसेंबरात सांगितलंस.

ऑक्टोबरात समितीने ठरवलं की यादीचं काम तुझ्याकडून काढून माझ्याकडे द्यायचं. कुणाच्याही मनात वाकडं नव्हतं. डेक्लन म्हणाला, "तिला तू सांग. तुमच्या भाषेत सांग, बरं वाटेल तिला." त्याला काय माहीत, आपल्या भाषेत हे सांगणं किती अवघड असतं.

रविवारी दुपारी तुझ्याकडे आलो. बसमध्ये वाक्य पाठ केलं होतं, चांगलं तीन ओळींचं. तू दार उघडलंस आणि म्हणालीस, "आलास? बस. चहा टाकते." तिथेच, पायपुसण्यावर उभं राहून, म्हणायचं होतं, आधी ऐक. मी बूट काढले. मग चहा आला. मी एरवी अर्धाच कप घेतो, त्या दिवशी दोन कप घेतले, म्हणजे तेवढा वेळ तोंडात काहीतरी राहील. पोहे खाल्ले. तुझ्या कढीपत्त्याच्या कुंडीचं कौतुक केलं. ताई, अगदी त्या मेलबर्नच्या लिंबासारखं कौतुक केलं, आणि तोंडातून शब्द जात असतानाच मला ते कळत होतं. निघताना तू चकल्यांचा डबा दिलास. तो मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो, आणि डेक्लनचा फोन आला. "सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगितलं." "कशी आहे?" मी म्हटलं, "ग्रँड."

ग्रँड. म्हणजे इथलं 'ठीक आहे'. या देशात कुणी मेलं तरी ग्रँड, पाऊस आला तरी ग्रँड. तू मला हा शब्द वापरू नको म्हणायचीस. म्हणायचीस, त्याच्यामागे माणूस दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात तुझा फोन. "अरे, यादीला बसायचं कधी?" मी म्हटलं, "रविवारी येतो." आणि येत राहिलो. त्यानंतर दोन याद्या झाल्या. एक समितीची, खरी, आणि एक आपली रविवारची. तू नावं काढायचीस, मी लिहून घ्यायचो, मान डोलवायचो. सुरुवातीला तू विचारायचीस, "डेक्लनला पाठवलीस का?" मी म्हणायचो, पाठवली. नोव्हेंबरनंतर तू ते विचारायचं सोडलंस. निर्णय द्यायचंही सोडलंस. "तू कुणाला सोडशील? का? त्याच्या घरी जाऊन काय सांगशील?" असं मलाच विचारत बसायचीस. मला वाटलं थकलीस. चहासुद्धा उशिरा यायला लागला. आधी मी बूट काढेपर्यंत किटली वाजायची, आता अर्धा अर्धा तास नुसते बसून असायचो. तुझ्याने होत नाही आता, असं समजून मी इराला म्हणायचो, मी करतो चहा. तर तुझी लेक तिच्या त्या आयरिश हेलात म्हणायची, "नो, यू सिट." मी बसायचो.

जानेवारीत इस्पितळात गेलीस. तिथेही रविवार चुकला नाही. पलंगावरच्या सरकत्या टेबलावर वही, तुझा चष्मा, माझा कागद. मी विचारायचो, खालून चहा आणू का? तू म्हणायचीस, "आण नंतर. बस जरा." मग माझ्याकडे बघत राहायचीस. मी घाईघाईने पुढचं नाव वाचायचो.

शेवटचा वाद मार्टिनवरून. मार्टिन, आपला सगळ्यात जुना गडी, पंचेचाळीशीचा, क्लोनडॉकिनचा, लोकांच्या घरांना खिडक्या बसवतो. दोन्ही गुडघे गेलेत. गेल्या वर्षी सगळी मिळून वीस मिनिटं खेळला असेल. पण तुझ्या वहीत हरल्यावर खांब उचलणाऱ्यांत प्रत्येक सामन्याला एक नाव पक्कं, मार्टिन. मी म्हटलं, तुझ्याच वहीप्रमाणे तो पहिला राखायला हवा. तू म्हणालीस, "सोड त्याला." मी म्हटलं, "ताई, त्याचा जीव आहे या क्लबात." तू म्हणालीस, "म्हणूनच. दर शनिवारी बूट बांधून बसतो आणि कुणी बोलावत नाही. तू असं वर्षानुवर्षं बसवून ठेवणार त्याला?" मग दम लागला तुला. थोड्या वेळाने म्हणालीस, "खांब उचलायला यादीत नाव लागत नाही." मी म्हटलं, "पटत नाही मला." तू डोळे मिटून म्हणालीस, "बरं. पुढच्या रविवारी भांडू." पुढच्या रविवारी तू बोलण्याच्या पलीकडे गेली होतीस.

तर एकतिसावं नाव ते आहे. आणि न सांगितलेलं हे आहे, की तुझं काम ऑक्टोबरातच गेलं होतं, आणि मी तुला पाच महिने खोट्या यादीवर बसवून ठेवलं. मार्टिनला ठेवायचं म्हणत होतो तसंच. आज हे लिहिलं, आणि लिहूनही हलकं वाटत नाही. कागदाला सांगणं म्हणजे काही दारात उभं राहून सांगणं नव्हे. भावोजी अस्थी घेऊन नाशिकला गेलेत. इरा परीक्षेमुळे इथेच आहे. तिला जाऊन सांगतो. तुझ्या घरातल्या कुणालातरी चहाच्या आत सांगितलं पाहिजे.

हे पुढचं गुरुवारी लिहितोय.

रविवारी गेलो. इराने दार उघडलं, तुझा जुना स्वेटर घातला होता, बाह्या खाली लोंबत होत्या. म्हणाली, "टी?" आणि वळली. मी पायपुसण्यावरूनच म्हटलं, "इरा, आधी ऐक." तिने वळून बघितलं आणि ताई, तिचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं ती रडणार. मी सगळं सांगितलं. समिती, दोन कप, ग्रँड, दोन याद्या. बूट पायातच होते.

ती इंग्रजीत बोलली, मी तुला मराठीत सांगतो. म्हणाली, "परागदादा, तिला माहीत होतं."

डेक्लनने नोव्हेंबरात तुला फोन केला होता म्हणे. इतकी वर्षं काम केलंस, आणि इतक्या समजूतदारपणे सोडलंस, म्हणून आभार मानायला. तू मेथी निवडत होतीस, फोन स्पीकरवर होता. तू हातातली काडी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "हो, परागने सांगितलं मला. फार नीट सांगितलं."

इरा तुझ्यावर चिडली होती. त्याला खोटं का बोलू देतेस, म्हणाली. तू मेथी निवडत राहिलीस. "त्या दिवशी दोन कप चहा प्यायला तो," म्हणालीस. "तेव्हाच कळलं होतं काहीतरी आहे. सांगेल. त्याला वेळ लागतो. तोवर यादी तरी शिकू दे."

मग इराने ते सांगितलं. तू तिला बजावून ठेवलं होतंस, पराग आला की चहा लगेच टाकायचा नाही. त्याला जरा वेळ द्यायचा.

ताई, मी तिथेच पायपुसण्यावर बसलो. किती रविवार झाले ते मोजायची हिंमत झाली नाही. प्रत्येक रविवारी तू मला अर्धा तास काढून दिलास, किटली अडवून धरलीस, इस्पितळातसुद्धा, आण नंतर, बस जरा. आणि मी तुझ्यासमोर बसून पुढचं नाव वाचत होतो. मला वाटत होतं तू थकलीस. तू वाट बघत होतीस. रागव ना माझ्यावर! एकदा तरी म्हणायचं होतंस, बोल रे गाढवा, मला ठाऊक आहे. पण तू तसं केलं असतंस तर सांगणं तुझं झालं असतं, माझं नाही. हे मला आता कळतं, आणि कळून काही उपयोग नाही, असंही वाटतं.

इरा शेजारी येऊन बसली. म्हणाली, शेवटच्या आठवड्यात तिने तुला विचारलं होतं, दादाने सांगितलंच नाही तर? तू म्हणालीस म्हणे, "मला नाही सांगितलं तर दुसऱ्या कुणाला तरी सांगेल. चालेल."

तीन दिवस काहीच केलं नाही. कामावर गेलो, आलो, झोपलो. मार्टिनचं नाव तसंच होतं. त्याला ठेवून कुणा नवीन पोराला सोडणं सोपं होतं, कारण नवीन पोराशी माझं काही नातं नाही. पण तू त्याच्याबद्दल जे म्हणालीस त्यावर मला उत्तर सापडेना. आज कामावरून सुटल्यावर सरळ क्लोनडॉकिनची बस धरली.

मार्टिन दारातच होता, गाडीतून खिडकीच्या चौकटी उतरवत होता. मला बघून खूश झाला. तुझ्या अंत्यसंस्काराला घालून आला होता तोच काळा कोट खुंटीवर दिसत होता. "ये ये, किटली आत्ताच लावलीय," म्हणाला आणि आत वळला.

"मार्टिन," मी म्हटलं, "आधी ऐक. यंदा तुला राखत नाहीये. यादीत नाव नसेल."

तो थांबला. हातातली चौकट त्याने हळूच भिंतीला टेकवली. मला आणखी काहीतरी गोडगोड बोलावंसं वाटत होतं, जीभ नुसती वळवळत होती. नाही बोललो. समोरच्या घरात कुणीतरी गवत कापत होतं, तो आवाज ऐकत आम्ही दोघं उभे राहिलो.

"मला वाटलं होतं गेल्या वर्षीच ती येईल," मार्टिन म्हणाला. "दर रविवारी वाटायचं, आज येणार." मग त्याने हात विजारीला पुसले. "शनिवारी खांब कोण आणणार?"

"तूच. खांब उचलायला यादीत नाव लागत नाही."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "हे तुझं वाक्य नाही."

"नाही," मी म्हटलं.

त्याने नाक पुसलं, मान हलवली आणि म्हणाला, "आता तरी आत येशील का?"

उद्या यादी देतोय, तीस नावांची. माझ्या रेघेवर सही केली. तुझी रेघ रिकामी ठेवलीय, डेक्लन काय म्हणायचं ते म्हणो. खांबांवरून आपलं भांडण चालूच आहे, ते मी सोडलेलं नाही.

मार्टिनने चहा त्यांच्या पद्धतीचा केला, काळाकुट्ट आणि वर भरपूर दूध, कप काठोकाठ भरून. मी बूट काढले आणि बसलो. अर्धाच घेतला.